नाब्लानं गिळलेला आशीर्वाद

मीनलेक गावच्या मुलींच्या निवासी शाळेत नाब्लाची एक ख्याती होती, की तिला इंग्रजीचा एक शब्दसुद्धा कळत नाही. जुन्या मुली नव्या मुलींना सांगायच्या, "स्वयंपाकघरातल्या त्या बाईसमोर काहीही बोला, भिंत आहे ती."

हे साफ खोटं होतं. लग्नाआधी नाब्ला गावच्या इतर पोरींबरोबर बटाटे काढायला स्कॉटलंडात जात असे, आणि तिथल्या मुकादमाच्या शिव्या खाऊन खाऊन तिला इंग्रजी चांगलं पचलं होतं. पण शाळेत स्वयंपाकाला लागली त्या दिवशी शाळा चालवणाऱ्या सिस्टर कोलमनी तिला बजावलं, "नाब्ला, या पोरी इथं आयरिश बोलायला येतात. तुमच्या तोंडून इंग्रजीचा शब्द त्यांच्या कानावर पडता कामा नये." नाब्ला स्वभावानं जरा जास्तच आज्ञाधारक. तिनं ठरवलं, बोलायचं तर नाहीच, पण कळतं असंही दाखवायचं नाही. कुणी पोरगी कुजबुजत इंग्रजीत मीठ मागायला आली, की ही तिच्या हातात झाडू द्यायची. पोरगी रडकुंडीला येऊन मिठाचा आयरिश शब्द शोधून आणायची, तेव्हा मीठ मिळायचं, आणि वर लोणी लावलेला पावाचा तुकडाही.

शाळेचा नियम कडक होता. इंग्रजी बोलताना तीनदा सापडलेल्या मुलीची ट्रंक उचलून डब्लिनच्या बसमध्ये टाकायचे, आणि मागोमाग मुलीला. त्यामुळं सप्टेंबरात त्या एवढ्या मोठ्या घरात अशी शांतता असायची की विचारू नका. घरभर पोरी, आणि सगळ्या तोंड असून मुक्या. जुनी भाषा बोलायची बंदी, नवी येत नाही. मग त्या स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायच्या. तिथं निदान ऊब होती, ताकात मळलेल्या सोड्याच्या पावाचा वास होता, आणि चुकलं तर हसणारी, पण वहीत नाव न लिहिणारी एक बाई होती.

नाब्लाच्या पोटी मूल झालं नाही. तिचा नवरा कोनल भला माणूस, मेंढरांशी जास्त बोलायचा आणि माणसांशी कमी. छातीच्या दुखण्यानं तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. पण दर सप्टेंबरात नाब्लाला एक मूल व्हायचं. त्या घोळक्यातली एखादी पोर तिला आपली वाटायला लागायची. मग पावाचा कडेचा कुरकुरीत तुकडा तिचा, सायीचा पहिला चमचा तिचा. जूनमध्ये ती पोर बसमध्ये बसून जायची, खिडकीतून हात हलवायची, आणि पुढच्या वर्षी मोठी होऊन आली की तिला स्वयंपाकघरात यायला वेळ नसायचा. नाब्लाला हे कळत नव्हतं असं नाही. पण सप्टेंबर आला की पुन्हा पान्हा फुटायचाच.

त्या वर्षीची पोर म्हणजे एदीन. डब्लिनची, काटकुळी, नाकावर डागच डाग. पहिले काही आठवडे ती जेवेना, बोलेना, रडेनाही. संध्याकाळी येऊन चुलीशेजारच्या पेटीवर बसायची, ज्यात जाळायची टर्फची, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीची, ढेकळं भरलेली असत त्या पेटीवर, आणि विस्तवाकडं बघत राहायची. नाब्लानं काही विचारलं नाही. पावाच्या कडेला लोणी फासलं, वर साखर भुरभुरली आणि तिच्या मांडीवर ठेवलं. असं बरेच दिवस चाललं. एक दिवस पोरगी रिकामा हात पुढं करून आयरिशमध्ये म्हणाली, "आणखी."

नाब्लानं ही बातमी सिस्टर कोलमना सांगितली, दूधवाल्याला सांगितली, रविवारी चर्चच्या दारात सगळ्यांना सांगितली. जसं काही तिच्याच तान्ह्यानं पहिल्यांदा 'आई' म्हटलं होतं.

नंतर एदीन न सांगता बटाटे सोलायला बसू लागली. ढेकूळ, चूल, राख, चमचा, असे शब्द एकेक करत तिच्या तोंडात येत गेले. स्वतःबद्दल मात्र ती काही बोलायची नाही. नाब्ला म्हणायची, "येईल, येईल. बटाट्याचं साल निघतं तसं माणसाचंही निघतं. सुरी बोथट असली की वेळ लागतो, एवढंच."

आणि मग नोव्हेंबरात सोरखा आली.

सोरखा म्हणजे कोनलची बहीण, नाब्लाची नणंद. लहान वयातच ती अमेरिकेला गेली आणि तिथून कपड्यांची पार्सलं पाठवायला लागली. तिचा एक जुना निळा फ्रॉक नाब्लानं कितीतरी वर्षं रविवारचा म्हणून वापरला. तेवढी वर्षं चर्चमध्ये एकच वाक्य ऐकलं: "सोरखाचा फ्रॉक काय शोभतो गं तुला!" नाब्ला शोभते असं कुणी म्हणालं नाही, फ्रॉक शोभायचा, आणि तोही सोरखाचा.

आता ती कायमची परत आली होती. लाल कोट, एक सोन्याचा दात, आणि हसणं असं, की डोंगरापलीकडच्या मेंढ्यांनी माना वर कराव्यात. घर तिच्या बापाचं, तेव्हा 'येऊ नको' म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच संध्याकाळी ती विस्तवाजवळच्या कोनलच्या खुर्चीत बसली आणि बूट काढून तिनं पाय पसरले.

"ती कोनलची खुर्ची आहे," नाब्ला म्हणाली.

"माहीत आहे की. आमच्या बापाची होती आधी. पायाची ही खोच बघ, लहानपणी मीच चाकूनं केली. मार खाल्ला होता!" आणि तो दात चमकला.

नाब्ला पाटावर बसत होती ती पाटावरच राहिली. महिनाभरात तिला तो पसरलेल्या पायांचा देखावा सोसवेना. शाळेच्या धोबीघराला बाई हवी आहे असं कळल्यावर तिनं स्वतः जाऊन सिस्टर कोलमना सुचवलं, "आमची सोरखा आहे ना. हाडापेरानं मजबूत आहे." म्हटलं, दिवसभर तरी खुर्ची रिकामी राहील. माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो तेव्हा तो धोंडा आधी आपल्याच हातानं उचलून आणतो, तसलाच प्रकार.

कारण आठवडाभरात पोरींची रांग धोबीघराकडं वळली. तिथं वाफ होती, कपडे पिळायच्या यंत्राचा खडखडाट होता, आणि सोरखा होती. न्यूयॉर्कच्या गोष्टी सांगणारी, ओल्या चादरी अंगाला गुंडाळून बिशप होऊन दाखवणारी, पोरींच्या वेण्या डोक्याभोवती मुकुटासारख्या बांधून देणारी. स्वयंपाकघरात उरल्या त्या फक्त भुकेल्या पोरी. एदीन अजून यायची, पण उशिरा, आणि केसांना साबणाच्या पाण्याचा वास घेऊन.

"आज बटाटे मीच सोलले," नाब्ला म्हणायची.

"सोरखा म्हणते—" एदीन सुरू करायची.

"सोरखा बटाटे सोलते का?"

"नाही."

"मग खा पाव."

डिसेंबरात एक दिवस भांडी पुसायची फडकी आणायला नाब्ला धोबीघरात गेली. वाफेत काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र आलं. एदीनचा आवाज, आणि तोही नळ फुटल्यासारखा, धो धो. इंग्रजीत.

"ती माझ्या आईच्या खुर्चीत बसते. आईचा एप्रन बांधते. आईला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आणि बाबा म्हणतात उन्हाळ्यात लग्न करणार. मी घरी गेले की तिला काय म्हणायचं? मला वाटतं ती मरावी. हे पाप आहे ना? मला इथं ठेवलं ते आयरिशसाठी नाहीच मुळी, घर मोकळं हवं म्हणून ठेवलं."

"रड बाळा, रड," सोरखा म्हणत होती, तीही इंग्रजीतच. "यंत्र चालू आहे, कुणाला ऐकू जात नाही. नाब्लाला सांगितलंस का यातलं काही?"

"तिला कळत नाही ना."

नाब्ला फडकी न घेताच परतली. त्या दिवशी सगळी ताटं तिनं स्वतःच्या एप्रनला पुसली.

पोरीच्या दुःखानं तिचं आतडं तुटलं, हे खरं. पण त्याहून आधी, त्याहून जोरात, दुसरंच काहीतरी उसळलं. सप्टेंबरपासून एकेक शब्द गोळा करत तिनं त्या पोरीचं मन उकलायला घेतलं होतं, आणि सोरखानं ते तीन आठवड्यांत बंदी घातलेल्या भाषेत घडाघड उघडलं! बरं, तक्रार कुठं करणार? 'तिला कळत नाही' ही भिंत नाब्लानंच बांधलेली, वर्षानुवर्षं मोठ्या अभिमानानं. आता त्याच भिंतीच्या चुकीच्या बाजूला ती उभी होती.

एकदा मात्र तिचे पाय सिस्टर कोलमच्या खोलीपर्यंत गेले. एक वाक्य पुरेसं होतं. धोबीघरात इंग्रजी चालतं म्हटलं असतं तर सोरखाची नोकरी गेली असती. पण मग एदीनची ट्रंकही बसमध्ये चढली असती.

"काय हो नाब्ला?" सिस्टर कोलमनी चष्म्यावरून पाहिलं.

"मीठ संपत आलंय, सिस्टर."

"ते सांगायला जिना चढलात?"

"बरंच संपत आलंय."

घरी जाताना दोघींची वाट एकच. पण नाब्ला पुढं आणि सोरखा मागं, मध्ये एखादी बैलगाडी जाईल एवढी जागा. सोरखा मागून ओरडायची, "अगं, काय घोडं मारलं मी तुझं? बोल की!" नाब्ला न वळता म्हणायची, "वारा आहे. ऐकू येत नाही."

नाताळची सुट्टी संपून मुली परत आल्या, आणि संत ब्रिजिडची संध्याकाळ जवळ आली. जानेवारीचा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी घरातली एक मुलगी लव्हाळ्यांचा भारा घेऊन बाहेर अंधारात उभी राहते, ब्रिजिड होऊन. बाहेरून हाक देते, आतले सगळे गुडघ्यावर बसून तिला आत बोलावतात. मग कुस्करलेल्या बटाट्यांचं जेवण, आणि मग त्या लव्हाळ्यांचे क्रूस विणायचे. शाळेत हे सगळं स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी होई, आणि आतून बोलावायचा मान घरच्या बाईचा, म्हणजे नाब्लाचा.

त्या वर्षी ब्रिजिड म्हणून सिस्टर कोलमनी एदीनला निवडलं. आठवडाभर आधी स्वयंपाकघरात तालीम झाली. एदीन उभी राहिली. केसांची वेणी डोक्याभोवती मुकुटासारखी, कुणाच्या हातची ते सांगायला नको. तिनं छाती भरून हाक दिली:

"गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत येऊ द्या!"

सप्टेंबरात मुकी बसणारी ती पोर, आणि हा आवाज! टांगलेली भांडी झणझणली.

"काय गं हा गळा! देव राखो," सिस्टर कोलम म्हणाल्या.

"देव राखो तिला," शाळेत शिकणाऱ्या गावातल्या दोन पोरी म्हणाल्या.

"माझी राणी गं ती! देव राखो," म्हणत सोरखानं तिला जवळ ओढलं. आणि एदीननं डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. तिथंच ठेवलं.

मग पोरीनं नाब्लाकडं पाहिलं, वाट बघत.

मीनलेकमध्ये कुणाचं काही वाखाणलं, वासरू असो, लोणी असो की लेकरू, तर पाठोपाठ 'देव राखो' म्हणायचं असतं. नुसती स्तुती उघडी ठेवली की तिला दृष्ट लागते. हे तिथं चालायला शिकण्याआधी शिकवतात. चहात साखर घालायला विसरेल बाई, पण हे विसरणार नाही.

नाब्ला म्हणाली, "आवाज छान आहे. वेणीही छान आहे."

आणि थांबली. पुढचे शब्द जिभेवर आले होते. तिनं ते गिळले.

डब्लिनच्या पोरींना काही कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं, की सिस्टर कोलमचा हात छातीवरच्या क्रूसाकडं गेला, गावातल्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या आणि सोरखाचं हसू विझलं. नाब्ला वळून चुलीत ढेकळं सारायला लागली, चूल भरलेली असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एदीनचा आवाज गेला. नुसता बसला नाही, गेलाच. अंगात ताप, घसा सुजलेला, ओठ हलायचे आणि आतून हवा यायची. तिला वर आजाऱ्यांच्या खोलीत नेऊन निजवलं.

दुपारी सोरखा स्वयंपाकघरात आली. बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत लाल.

"तू म्हणाली नाहीस," ती म्हणाली.

"काय?"

"मला विचारतेस काय? मी अमेरिकेत होते, चंद्रावर नव्हते. सगळ्यांनी ऐकलं की तू म्हणाली नाहीस."

"विसरले असेन."

"तू? माझ्या मेल्या आईची कोंबडीसुद्धा तू कधी देव राखोशिवाय वाखाणली नाहीस, आणि ती कोंबडी आंधळी होती!"

नाब्लानं लाटीवर मूठ आपटली. "हो, नाही म्हणाले! सगळं तूच म्हणून टाकलं होतंस ना? राणी काय, माझी काय! पोरीला पावाचा तुकडा खायला मी शिकवलं, बोलायला मी शिकवलं, आणि तू वाफेत बसून तिच्याशी इंग्रजीत गुलुगुलु करतेस! ती पकडली गेली तर बसमध्ये तू बसणार आहेस का?"

सोरखानं वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ऐकलंस तू. सगळं."

"ऐकलं."

"आणि समजलंही."

"समजलं."

"आणि तिला एका शब्दानं बोलली नाहीस. डिसेंबरपासून. आई मेलेल्या पोरीला." सोरखानं खुर्ची ओढली, मग बसली नाही, तशीच मागं सारली. "नाब्ला, माझ्यावर जळतेस तर जळ. फ्रॉकपासून जळतेस, मला काय माहीत नाही? पण वर जा आणि म्हण. ज्याची दृष्ट त्यानंच काढायची असते. माझ्या म्हणण्यानं ती उतरायची नाही. उतरली असती तर सकाळपासून मी काय तिथं माशा मारत होते?"

ती गेल्यावर नाब्लानं पीठ तसंच ठेवलं. वाडग्यात पाव कुस्करला, गरम दूध ओतलं, साखर घातली. खुंटीवरच्या पिशवीतून एक जुनं, धुऊन धुऊन विरलेलं पांढरं फडकं काढलं. दर वर्षी ब्रिजिडच्या रात्री ते बाहेर झुडपावर ठेवायचं, संत जाता जाता त्याला हात लावते असं म्हणतात. घशाला बांधलं की गुण येतो. तिच्या आईचं फडकं होतं ते. आजवर ते कुणा परक्याच्या गळ्यात गेलं नव्हतं.

वर खोलीत एदीन एकटीच होती. नाब्लाला बघून ती उठायला लागली.

"पड, पड." नाब्लानं फडकं तिच्या गळ्याभोवती बांधलं. मग जरा इकडंतिकडं पाहिलं, पोरीच्या कपाळाजवळ तीनदा थू थू केलं आणि म्हणाली, "देव राखो तुला. तुझ्या आवाजाला देव राखो. वेणीलाही." वेणीला म्हणताना जरा जड गेलं, पण म्हणाली.

एदीन डोळे मोठे करून बघत राहिली. तिला यातलं निम्मंच कळलं असावं. ओठ हलवून तिनं काही सांगायचा प्रयत्न केला आणि हताश होऊन उशीवर डोकं टाकलं. आता तर कुठलीच भाषा उरली नव्हती.

नाब्ला पलंगाच्या कडेला बसली. दार लोटलेलं होतं. तिनं घसा साफ केला. आणि स्कॉटलंडच्या बटाट्यांच्या शेतातलं, गंज चढलेलं, चिखलानं माखलेलं इंग्रजी तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"तुझी आई वारली ते मला ठाऊक आहे. आणि ती दुसरी बाई खुर्चीत बसते तेही."

पोरगी ताडकन उठून बसली.

"माझ्याकडंही एक आहे," नाब्ला म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसते. बूट काढते. पाय असे लांब करते. रोज संध्याकाळी मला वाटतं, ही खुर्ची हिच्याखाली मोडावी. मोडत नाही. चांगल्या लाकडाची आहे. तेव्हा तुला ती मरावी असं वाटलं ते पाप असेल तर त्या रांगेत माझा नंबर तुझ्या आधी आहे, बाळा. काय करायचं ते मलाही माहीत नाही. पण असं तुला एकटीलाच नाही वाटत."

एदीनचे डोळे भरून आले, आणि त्यातच तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे की हसते आहे कळेना. मग कळलं. ती हसत होती, आवाज न करता, नाब्लाकडं बोट दाखवून: तू! तुला इंग्रजी येतं!

"सिस्टरना सांगशील तर तुझ्याआधी माझी ट्रंक बसमध्ये जाईल," नाब्ला म्हणाली.

पोरीनं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग तोंड उघडून दाखवलं. कशी सांगणार? आवाज कुठं आहे? आणि पुन्हा हसली. नाब्लानं तिला दुधातला पाव चमच्या-चमच्यानं भरवला. त्या दिवशी खाली जेवण उशिरा झालं आणि कुणी काही बोललं नाही.

पुढच्या दिवसांत ताप उतरला, पण आवाज काही आला नाही. नाब्ला रोज वर जायची, देव राखो म्हणायची, आणि रोज तिला वाटायचं की आपण मनापासून म्हणत नाही म्हणून उतरत नाही. कारण वर जाताना जिन्यात सोरखा भेटली की नाब्लाचं तोंड फिरायचंच.

ब्रिजिडच्या दिवशी सकाळी आणखी सहा-सात पोरी घसा धरून उठल्या. नव्या वर्गातल्या, जुन्या वर्गातल्या, ज्यांच्या केसांकडं नाब्लानं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं अशाही. गावचा डॉक्टर आला, चमच्यानं जिभा दाबून बघितल्या आणि म्हणाला, "साथ आहे. सुट्टीत शहरातून घेऊन आल्या पोरी. आठवड्यात बऱ्या होतील."

नाब्ला दारातून ऐकत होती. छातीवरचा डोंगर उतरला. पण खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला. एवढी जळली, एवढी तळमळली, आणि तिच्या दृष्टीत एका पोरीचा घसा धरण्याएवढाही दम नव्हता!

आता प्रश्न उरला, संध्याकाळी बाहेरून हाक कोण देणार? पोरींचे आवाज घोगरे. सिस्टर कोलम म्हणाल्या, "सोरखा, तुम्हीच जा. तुमचा आवाज डोंगर ओलांडतो."

 नाब्ला बटाटे कुस्करत होती. त्या दिवशीसारखे मऊ बटाटे त्या शाळेत पुन्हा झाले नाहीत.

अंधार पडला. बाहेर बारीक, बोचरा पाऊस. दिवे मंद केले, मुली ओळीनं गुडघ्यांवर बसल्या. एदीन घोंगडी पांघरून चुलीजवळच्या पेटीवर, गळ्यात ते विरलेलं फडकं. नाब्ला बंद दाराच्या आत, सगळ्यांच्या पुढं.

"गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत येऊ द्या!" बाहेरून सोरखाची हाक आली.

घरच्या बाईनं म्हणायचं असतं, ये बाई ये, घर तुझंच आहे.

नाब्ला गप्प राहिली.

घर तुझंच आहे! हे म्हणायचं, आणि हिला? खरोखरच घर तिचं, खुर्ची तिची, फ्रॉक तिचा, आणि आता पोर. आता तर दृष्टीची भीतीही राहिली नव्हती. डॉक्टरनं तिला मोकळं केलं होतं. हाक तीनदा देतात. तीनदा गप्प राहिलं तर ब्रिजिड पुढच्या घरी जाते, असं जुनी माणसं म्हणत.

"गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत येऊ द्या!" दुसरी हाक. शेवटी आवाज जरा कापला. थंडीनं असेल. किंवा तिला कळलं असेल, की दार का उघडत नाही. ती गावाला परत आली तेव्हाही पावसातच आली होती, लाल कोट भिजून काळा झालेला. दार उघडल्यावर नाब्ला तेव्हा काय म्हणाली होती? 'पाय पूस.'

मुली चुळबुळायला लागल्या. सिस्टर कोलम खाकरल्या. नाब्लानं मागं पाहिलं. एदीन तिच्याकडंच बघत होती. भुवया उंचावून, ओठांवर हळूच बोट ठेवून, जसं काही दोघींचं काही गुपित आहे. आणि होतंच की. वरच्या खोलीतलं ते बोलणं सोरखालाही ठाऊक नव्हतं.

तिसरी हाक यायच्या आधीच नाब्ला मोठ्यानं म्हणाली, "ये बाई ये! घर तुझंच आहे!" आणि पाठोपाठ साऱ्या घोगऱ्या पोरी बेडकांसारख्या ओरडल्या, "ये बाई ये, घर तुझंच आहे!"

दार उघडलं. सोरखा लव्हाळ्यांचा भारा कवटाळून उभी होती, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं.

आत येता येता ती दातांतून पुटपुटली, "किती वेळ उभी केलीस गं?"

"संतांना घाई नसते," नाब्ला पुटपुटली. "पाय— राहू दे. ये तशीच."

लव्हाळी मेजाखाली ठेवली. सगळ्या जेवायला बसल्या. ढीगभर कुस्करलेले बटाटे, मध्ये खळगा, खळग्यात वितळलेलं लोणी. सोरखा उघड्यावरच्या पावसाच्या गोष्टी सांगून पोरींना हसवायला लागली होती, आणि एदीन तिच्या शेजारी बसली होती. पण नाब्लाच्याही शेजारी. मध्येच बसली होती.

नाब्ला एकदम म्हणाली, "आवाज अजून चांगला आहे तुझा, सोरखा."

मेजावरचे चमचे थांबले. सिस्टर कोलमचा हात क्रूसाकडं निघाला. गावातल्या पोरी श्वास धरून बसल्या. नाब्लानं निवांतपणे बटाट्याचा मोठा घास घेतला, चावला, गिळला. वेळ घेतला. तेवढा तिचा हक्क होता.

"देव राखो तुला," ती म्हणाली.

सोरखाचा सोन्याचा दात चमकला. "काय म्हणालीस? वारा आहे, ऐकू नाही आलं."

"ऐकलंस तू. गुमान बटाटे खा."